हँडीकॅप, आयात आणि पैसा: हार्नेस रेसिंगचं घोडं नेमकं कुठे अडलंय?

प्रश्न असा आहे: ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या हार्नेस रेसिंगमध्ये घोडे आटत चाललेत, स्टँड रिकामे पडलेत, जुने ट्रॅक बंद होतायत. याला जबाबदार कोण? चुकीचं हँडीकॅपिंग (बलवान घोड्याला अडचण देऊन शर्यत बरोबरीची करणं), न्यूझीलंडहून ऑस्ट्रेलियात उतरणारे तयार घोडे, की पैशाची वाटणी? आणि तिन्हींपैकी आधी कशाला हात घालावा?

मी आधी तबेल्यात आणि नंतर शर्यतींच्या एंट्र्या लावणाऱ्या टेबलामागे काम केलं आहे. दोन्ही बाजूंनी बघितल्यावर मला ही तीन वेगळी दुखणी वाटत नाहीत. मूळ दुखणं एकच आहे: शर्यतीत उतरवायला पुरेसे घोडे नाहीत, कारण शिंगरं कमी जन्माला येतायत. हँडीकॅपर, घोड्यांचे दलाल आणि पैसे वाटणाऱ्या संस्था, तिघंही या टंचाईला आपापल्या परीनं शहाणपणानं तोंड देतात, आणि प्रत्येकाच्या शहाणपणानं ती थोडी थोडी वाढते. कसं, ते सांगतो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इथे घोड्यावर जॉकी बसत नाही. सल्की नावाच्या हलक्या दुचाकी गाडीत ड्रायव्हर बसतो. घोड्यानं चौखूर उधळायचं नसतं. ट्रॉटर तिरक्या जोडीचे पाय एकत्र टाकतो, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा; पेसर एकाच बाजूचे दोन्ही पाय एकत्र टाकतो. चाल मोडली तर ड्रायव्हरनं घोड्याला आवरून पुन्हा चालीवर आणायचं, आणि तोवर शर्यत बहुधा हातची गेलेली असते. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये जात एकच, स्टँडर्डब्रेड. तिथे पेसरांचं राज्य आहे, फ्रान्स-स्वीडनमध्ये ट्रॉटरांचं.

आता हँडीकॅप. थरोब्रेडच्या, म्हणजे जॉकी बसून पळवायच्या घोड्यांच्या, शर्यतीत हँडीकॅप म्हणजे वजन: चांगल्या घोड्याच्या पाठीवर चार किलो जास्त. इथे ते चालत नाही. वजन चाकांवर असतं, आणि सपाट ट्रॅकवर चाकांवरचे चार किलो ओढणं घोड्याला काहीच जड नाही. म्हणून हार्नेसमध्ये हँडीकॅप अंतरात देण्याची पद्धत पडली. टेपच्या मागे घोडे उभे राहायचे. दुबळा पुढच्या रांगेत, बलवान त्याच्या १०, २०, ३० मीटर मागे. दोन मिनिटांत मैल मारणारा घोडा सेकंदाला साधारण साडेतेरा मीटर जातो, म्हणजे १० मीटरचं हँडीकॅप म्हणजे पाऊण सेकंद. ३२०० मीटरच्या शर्यतीत चांगला घोडा हे अंतर भरून काढू शकतो, पण त्यासाठी त्याला घाम गाळावा लागतो. हँडीकॅपचा उद्देशही तोच. १९०४ पासून चालत आलेला न्यूझीलंड ट्रॉटिंग कप आजही क्राइस्टचर्चच्या ॲडिंग्टनला उभ्या स्टार्टनंच सुटतो.

पण सट्टा लावणाऱ्यांना उभा स्टार्ट आवडत नाही, आणि त्यांचंही चुकत नाही. घोडा टेपमागे बिथरला किंवा सुटताक्षणी चौखूर झाला, तर पैसे पहिल्या पन्नास मीटरमध्येच बुडाले. म्हणून मोबाइल गेट आलं. गाडीला दोन्ही बाजूंना पसरलेले पंख, त्यामागे सगळे घोडे चालत्या वेगात एका रेषेत, गाडी वेग वाढवून बाजूला होते आणि शर्यत सुरू. घोडे शांत, सट्टेवाले खूश. मात्र सगळे एकाच रेषेवरून सुटणार म्हटल्यावर अंतराचं हँडीकॅप संपलं. या सोयीची किंमत धंद्यानं नीट मोजलेली नाही असं मला वाटतं.

कारण हँडीकॅप गेलं नाही, ते गेटच्या क्रमांकात लपलं, म्हणजे गाडीमागे कुणी कुंपणालगत सुटायचं आणि कुणी बाहेरून यात. साधं गणित करा. घोडा कुंपणापासून दुसऱ्या रांगेत, म्हणजे साधारण २ मीटर बाहेरून पूर्ण फेरी पळाला, की त्याला साडेबारा मीटर जास्त पळावं लागतं. ट्रॅक केवढाही असो, हा आकडा तोच राहतो. ८०० मीटरच्या ट्रॅकवर मैलाच्या शर्यतीत दोन फेऱ्या होतात, म्हणजे २५ मीटर. म्हणजे बाहेरचा गेट मिळालेला आणि आत शिरायला जागा न सापडलेला घोडा जुन्या हिशेबानं २५ मीटरच्या हँडीकॅपवरून पळतो, फक्त ते रेसबुकात कुठे छापलेलं नसतं. वर वाऱ्याला तोंड त्यालाच द्यायचं. लीडरच्या बाहेरच्या या जागेला ड्रायव्हर मंडळी डेथ सीट म्हणतात, ते उगाच नाही. सिडनीजवळच्या मेनँगलचा ट्रॅक १४०० मीटरचा आहे. तिथे तोच मैल एका फेरीत आणि वर थोड्या अंतरात उरकतो, त्यामुळे हाच फटका जवळपास निम्म्यावर येतो. मोठा ट्रॅक न्याय्य असतो तो यामुळे. लहान ट्रॅकवाल्यांनी शेवटच्या सरळ पट्ट्यात कुंपणालगत स्प्रिंट लेन काढून लीडरच्या मागे अडकलेल्यांची थोडी सोय केली, पण बाहेरच्याचं दुखणं तसंच राहिलं.

मग गेट वाटायचे कसे? चिठ्ठ्या टाकल्या आणि सगळ्यात चांगल्या घोड्याला पहिला गेट मिळाला, तर तो पुढे जातो, पुढेच राहतो, त्याचा भाव १.२० होतो (लावलेल्या डॉलरला जेमतेम वीस सेंट नफा) आणि शर्यतीवर कुणी फिरकत नाही. उलट रेटिंगप्रमाणे (घोड्याच्या कामगिरीवरून दिलेल्या आकड्याप्रमाणे) दुबळ्याला आत आणि बलवानाला बाहेर ठेवलं, तर शर्यत रंगते. पण फॉर्मात आलेल्या घोड्याच्या मालकाला दोनदा दंड होतो. आधी रेटिंग वाढल्यामुळे वरच्या घोड्यांशी गाठ, आणि त्यात बाहेरचा गेट. मी स्वतः खालच्या दर्जाच्या शर्यतींत चिठ्ठ्या आणि वरच्या दर्जात प्राधान्यानं वाटप या मताचा आहे. खाली घोडे एकमेकांच्या इतके जवळ असतात की नशिबाला वाव दिला तर चालतो. वरती एक घोडा बाकीच्यांहून फार पुढे असू शकतो, त्याला बाहेर काढावंच लागतं.

रेटिंगचं भांडण याहून जुनं आहे. ऑस्ट्रेलियात आधी वर्ग होते: छोट्या गावांतल्या ट्रॅकसाठी सी, महानगरांसाठी एम. जिंकलं की एक पायरी वर. ही शिडी चढायची होती, उतरायची नव्हती. चार शर्यती जिंकून नंतर ढेपाळलेला सात वर्षांचा घोडा वरच्याच पायरीवर अडकायचा, महिनोन् महिने शेवटचा यायचा आणि मालक कंटाळून त्याला काढून टाकायचा. राष्ट्रीय रेटिंग आल्यावर आकडा खालीही येऊ लागला. ही सुधारणा खरी, तिला नावं ठेवणाऱ्यांनी जुने दिवस आठवून बघावेत.

पण नव्या पद्धतीचा गाभा तोच राहिला: जिंकलास की महाग झालास. छोट्या ट्रॅकवर लहानशा बक्षिसाची शर्यत मारली की रेटिंग चढतं आणि पुढच्या वेळी त्याहून दुप्पट रकमा जिंकलेल्या घोड्यांसमोर उभं राहावं लागतं. बक्षिसातून दोन-तीन आठवड्यांचा खुराक आणि नालबंदी निघते. रेटिंग मात्र उतरायला कित्येक शर्यती हरत बसावं लागतं. मालक शहाणा असेल तर त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एक, घोडा मुद्दाम नरम हाकून रेटिंग उतरवून घ्यायचं. हे पकडायला स्टुअर्ड (शर्यतीवर नजर ठेवणारे अधिकारी) बसलेलेच असतात, आणि ते पकडतात त्याहून सुटतं जास्त. दुसरी वाट कायदेशीर आहे, आणि धंद्याला जास्त महाग पडते: जिंकता जिंकता घोडा विकून टाकायचा.

अमेरिकेत खालच्या दर्जासाठी क्लेमिंग चालतं. मालक घोड्यावर किंमत लावतो आणि त्या किमतीला शर्यतीआधी कुणीही तो मागू शकतो. तिथे हँडीकॅपरच्या जागी बाजारच बसलेला असतो. चांगला घोडा स्वस्तात उतरवलात तर घोडाच जातो. फ्रान्समध्ये बऱ्याच शर्यतींत कमाईवरून ठरतं: ठरावीक रकमेपेक्षा जास्त कमावलेला घोडा २५ मीटर मागे. व्हिन्सेनच्या प्री द'आमेरिकमध्ये मात्र सगळे एकाच रेषेवरून सुटतात, कारण तिथे सर्वोत्तम कोण हेच ठरवायचं असतं. रोजच्या शर्यतीत समानता हवी आणि मोठ्या शर्यतीत हँडीकॅप नको, ही फ्रेंच विभागणी मला पटते. आपल्याकडे (म्हणजे मी काम केलं त्या भागात) दर दोन-चार वर्षांनी नियम बदलतात, आणि मालकाला त्याच्या घोड्याची पुढची शर्यत कुठली हे कधीच आधी कळत नाही. खरं तर हँडीकॅपरनं मालकाला एवढी एकच गोष्ट द्यायची असते.

आता आयातीकडे वळू. ऑस्ट्रेलियात न्यूझीलंडच्या घोड्यांबद्दलची तक्रार आजची नाही. सिडनीच्या हॅरोल्ड पार्क ट्रॅकवर १९६७ साली मिरॅकल माइल ही मैलाची मोठी शर्यत पहिल्यांदा झाली, ती रॉबिन डंडी या न्यूझीलंडच्या घोडीनं जिंकली. पर्थनं डोक्यावर घेतलेला आय'म दमायटीक्विन, ज्यानं २०११ ते २०१३ अशी लागोपाठ तीन इंटर डोमिनियन (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची अजिंक्यपदाची स्पर्धा) विजेतेपदं मिळवली, तोही जन्मानं न्यूझीलंडचाच. २०२० ते २०२२ तीन वर्षं मिरॅकल माइल मारणारा किंग ऑफ स्विंगही तिथलाच. थोडक्यात, परदेशी म्हणून ज्यांना हाकलायचं म्हणतात, त्यांच्यावरच इथल्या आठवणी उभ्या आहेत.

व्यवहार असा चालतो. न्यूझीलंडमध्ये एखादा तीन वर्षांचा पेसर ट्रायलमध्ये चमकतो किंवा एखादी शर्यत जिंकतो. दलालाचा फोन येतो. तिथल्या मालकाला दिसतं की हँडीकॅप चढणार, तिथली बक्षिसं मर्यादित, तो विकतो. घोडा विमानानं तस्मान समुद्र ओलांडतो आणि काही आठवड्यांत सिडनी किंवा मेलबर्नच्या ट्रॅकवर उतरतो. ऑस्ट्रेलियन मालकाच्या दृष्टीनंही हिशेब सरळ आहे. घरची घोडी फळवा, अकरा महिने थांबा, शिंगरू वाढवा, दोन वर्षांनी शिकवायला पाठवा, आणि एवढं करून घोडा पळेलच याची खात्री नाही. त्याऐवजी पळून दाखवलेला घोडा विकत घ्या आणि पुढच्या महिन्यात शर्यतीत उतरवा. मी मालक असतो तर मीही हेच केलं असतं.

मग यात बिघडतं काय? आलेले बहुतेक घोडे खच्ची केलेले असतात. ते चार-पाच वर्षं पळतात, कमावतात आणि मागे वंश न ठेवता निवृत्त होतात. त्यांच्यावर गेलेला पैसा स्थानिक पैदास करणाऱ्याकडे आलाच नाही, म्हणून तो पुढच्या वर्षी एक घोडी कमी फळवतो, आणि दोन-तीन वर्षांनी शर्यतीत तेवढे घोडे कमी पडतात. ती जागा भरायला पुन्हा न्यूझीलंडकडे बघायचं. आयात केलेल्या घोड्या मात्र वेगळ्या. त्या पळणं थांबल्यावर पैदाशीत जातात, त्यांचं रक्त इथे मुरतं. आयातीवर बोलणारे बहुतेक लोक हा फरकच करत नाहीत, आणि माझ्या मते नेमका तोच महत्त्वाचा आहे.

न्यूझीलंडची बाजूही बघा. तिकडच्या तक्रारी आयातीच्या नाहीत, निर्यातीच्या आहेत. चांगला घोडा एक तर ऑस्ट्रेलियात जातो किंवा थेट अमेरिकेत. अमेरिकेच्या रेसबुकात न्यूझीलंडहून आलेल्या घोड्याच्या नावापुढे एन आणि ऑस्ट्रेलियाहून आलेल्याच्या नावापुढे ए लावतात. न्यूयॉर्कच्या याँकर्स ट्रॅकचं कार्ड (दिवसाच्या शर्यतींची यादी) उघडलं की ही अक्षरं ओळीनं दिसतात. शार्टिन एन या न्यूझीलंडच्या घोडीला २०१९ मध्ये अमेरिकेत हॉर्स ऑफ द इयरचा मान मिळाला. त्याआधी कितीतरी वर्षं, १९६८ साली, दहा लाख डॉलर कमावणारा जगातला पहिला स्टँडर्डब्रेड ठरला तो कार्डिगन बे, तोही न्यूझीलंडहूनच अमेरिकेत गेलेला. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण गेलेल्या प्रत्येक घोड्यामागे न्यूझीलंडच्या शर्यतीतली एक जागा रिकामी राहते, आणि तिथल्या उत्तर बेटावर तर एंट्र्या जमवताना मारामार होते. ऑकलंडकडचे काही ट्रेनर तबेले उचलून दक्षिण बेटावरच्या कँटरबरीला गेले, कारण घोडे, ट्रॅक आणि शर्यती सगळं तिकडे एकवटलंय.

वाहतूक एकाच दिशेनं नाही हेही सांगायला हवं. २०२३ आणि २०२४ चे दोन्ही न्यूझीलंड कप ऑस्ट्रेलियातून गेलेल्या स्वेझीनं नेले.

आयातीचा दुसरा प्रकार डोळ्यांना दिसत नाही: वीर्याची आयात. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही, स्टँडर्डब्रेडमध्ये चालतं. त्यामुळे अमेरिका-कॅनडाचा उत्तम घोडा एकाच काळात दोन्ही गोलार्धांत बाप होऊ शकतो. बेटर्स डिलाइटनं तर दक्षिणेकडच्या पेसरांचा चेहराच बदलला, आणि ट्रॉटरांसाठी लव्ह यू सारख्या फ्रेंच घोड्याचं रक्त आलं. घोडे वेगवान झाले, यात वाद नाही. पण स्थानिक पैदाशीच्या घोड्यांची दुकानं बसली, आणि बऱ्याच शिंगरांचा आजा एकच निघावा अशी वेळ जवळ येऊ लागली. अमेरिकेनं २००९ पासून पैदाशीत नव्यानं येणाऱ्या घोड्याला वर्षाला १४० माद्यांची मर्यादा घातली. फ्रान्सनं तर १९३७ मध्येच आपलं स्टडबुक बाहेरच्या रक्ताला जवळजवळ बंद केलं आणि पुढे अगदी मोजकी फट ठेवली. आज फ्रेंच रक्ताला जगभर मागणी आहे त्याचं एक कारण ते वेगळं राहिलं हे आहे. एवढं कडक धोरण ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला परवडणार नाही, कारण तिथे मुळातच घोड्या कमी आहेत. पण न्यूझीलंडमध्ये जन्मलेला, १९९८ चा कप जिंकलेला ख्रिश्चन कलन पुढे अव्वल दर्जाचा बाप ठरला होता, ही आठवण ठेवायला हरकत नाही. घरच्या घोड्याला संधी दिली तर तो उतरतो.

पैशाचा भाग सगळ्यात रुक्ष, आणि सगळ्यात जास्त गैरसमजांचा. तिकिटांवर हा खेळ फार पूर्वीच चालेनासा झाला. १९६० ची इंटर डोमिनियन पाहायला हॅरोल्ड पार्कला पन्नास हजारांहून जास्त लोक लोटले होते. आज असं कुठल्याही शनिवारी घडत नाही. पैसा सट्ट्यातून येतो. त्यातला वाटा कुणाला किती, हे बहुतेक ठिकाणी कधीकाळी झालेल्या करारांवर ठरतं. न्यू साउथ वेल्समध्ये १९९७-९८ ला टॅबचं (सट्टा घेणाऱ्या सरकारी संस्थेचं) खासगीकरण झालं तेव्हा तिन्ही खेळांची वाटणी ठरली: थरोब्रेडला साधारण ७० टक्के, हार्नेसला १७, ग्रेहाउंडला (कुत्र्यांच्या शर्यतींना) १३. करार ९९ वर्षांचा. पुढे ग्रेहाउंडवरचा सट्टा वाढला, हार्नेसचा वाटा घसरला, पण टक्के तेच राहिले. ग्रेहाउंडवाले यावर रास्तपणे ओरडतात. आमच्या लोकांना मात्र ही वाटणी हक्काची वाटते, आणि इथेच घोडं पेंड खातं. ऐतिहासिक करारावर मिळणारे पैसे हे कमाईचे नसतात. करार उघडायची राजकीय इच्छा निर्माण झाली तर सगळ्यात आधी आम्हीच उघडे पडू.

ऑनलाइन बुकमेकर आल्यावर चित्र आणखी बदललं. दुसऱ्या राज्यात नोंदणी करून इथल्या शर्यतींवर धंदा करणाऱ्यांकडून शर्यतीच्या माहितीचं शुल्क घेण्याचा राज्यांचा अधिकार २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टानं (तिथलं सर्वोच्च न्यायालय) मान्य केला, तेव्हा जीव भांड्यात पडला. मग सट्टा जिथे लागतो तिथे कर लावायची पद्धत आली: दक्षिण ऑस्ट्रेलियानं २०१७ ला १५ टक्क्यांनी सुरुवात केली, व्हिक्टोरियानं २०१९ ला ८ टक्के लावून २०२४ पर्यंत ते १५ वर नेले. त्यातला काही भाग रेसिंगकडे परत येतो. व्हिक्टोरियात २०२४ मध्ये टॅबकॉर्प या सट्टा कंपनीबरोबरची जुनी भागीदारी संपून नवा परवाना लागू झाला, आणि संस्थांना हमखास उत्पन्नाऐवजी कराच्या वाट्यावर जास्त अवलंबून राहावं लागलं. न्यूझीलंडनं २०२३ मध्ये टॅब चालवण्यासाठी एन्टेन या सट्टा कंपनीशी २५ वर्षांचा करार केला. पहिली पाच वर्षं किमान रकमेची हमी आहे. पाच वर्षं म्हणजे आज फळवलेल्या घोडीचं शिंगरू जेमतेम चार वर्षांचं होईल एवढाच काळ. म्हणून तो पैसा बक्षिसांवर उधळण्याऐवजी पैदाशीत जायला हवा असं मी म्हणतो.

उसन्या पैशाचं काय होतं ते कॅनडाच्या ऑन्टारियोत बघा. १९९८ पासून रेसट्रॅकवर स्लॉट मशीन बसवून त्यातला वाटा रेसिंगला मिळू लागला. शेवटी शेवटी तो वर्षाला सुमारे ३४.५ कोटी कॅनेडियन डॉलर होता. लोकांनी त्या भरवशावर घोड्या घेतल्या, फार्म उभारली. मार्च २०१२ मध्ये सरकारनं योजना बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि वर्षभरात ती संपली. घोडी अकरा महिने गाभण असते आणि शिंगरू शर्यतीला दोन वर्षांनी येतं, हे अर्थखात्याच्या कॅलेंडरात बसत नाही. फार्म बंद पडली, पैदाशीच्या घोड्या मिळेल त्या भावानं गेल्या. पैसा कमी असणं सोसता येतं. पैसा अचानक थांबणं पैदास करणाऱ्याला सोसत नाही.

जमीन विकणं हा दुसरा मोह. हॅरोल्ड पार्क २०१० मध्ये १८.७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरला विकलं आणि मेनँगलला सगळं हलवलं. ट्रॅक उत्तम झाला, गंगाजळी झाली. पण शहराच्या मधोमध असलेली संध्याकाळची शर्यत गेली, आणि तिच्याबरोबर ऑफिस सुटल्यावर सहज डोकावणारा माणूस गेला. ऑकलंडच्या अलेक्झांड्रा पार्कनं जमीन विकण्याऐवजी त्यावर स्वतःच सदनिका बांधायला घेतल्या आणि क्लब कर्जात बुडाला. ड्युनेडिनचं फॉर्बरी पार्क २०२१ मध्ये बंदच झालं. जमीन एकदाच विकता येते. त्या पैशाचं काय करायचं हे आधी ठरलेलं नसेल तर विकू नये.

हँडीकॅप, आयात आणि पैसा यांची गाठ कुठे बसते, ते आता एका आकड्यानं दाखवतो. ऑस्ट्रेलियन टोटवर (सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटणारा सट्टा) आठ किंवा जास्त घोडे असतील तर प्लेससाठी, म्हणजे घोडा पहिल्या काहींत येण्यावर लावलेल्या पैशांसाठी, तीन डिव्हिडंड मिळतात. पाच ते सात असतील तर दोनच. आठवा घोडा गळाला की त्या शर्यतीवरचा सट्टा लगेच आटतो, आणि सट्ट्यावरच सगळं उत्पन्न. म्हणजे हँडीकॅपरनं कडक रेटिंग लावून एका मालकाला कंटाळवलं, किंवा एक घोडा अमेरिकेला गेला, तर नुकसान एका घोड्याचं नसतं, अख्ख्या शर्यतीचं असतं. उलट आठवा घोडा आयात करून भरला तर आजची शर्यत वाचते आणि तीन वर्षांनंतरची बुडते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

संस्था यावर काय करतात? मोठी शर्यत. २०२३ मध्ये मेनँगलला २१ लाख डॉलरची युरेका सुरू झाली, त्या वेळची जगातली सर्वांत श्रीमंत हार्नेस शर्यत. न्यूझीलंडमध्येही स्लॉट पद्धतीची (शर्यतीतली जागाच विकत घ्यायची) मोठी शर्यत आली. टीव्हीवर छान दिसतं, नवे लोक येतात, मी विरोधात नाही. पण अशी शर्यत दहा-बारा घोड्यांची असते, आणि ते दहा-बारा बहुतेक मोठ्या तबेल्यांतले. गुरुवारी दुपारी कुठल्यातरी गावात चार घोडे हाकणारा, स्वतःच पैदास करणारा, स्वतःच नाल ठोकून घेणारा ट्रेनर त्यातून काही कमावत नाही. आणि एंट्र्यांचं टेबल चालतं ते त्याच्यावर. त्यानं एक वर्ष घोडी फळवली नाही तर माझ्याकडे तीन वर्षांनी सहावी शर्यत भरत नाही.

आता शेवटचा प्रश्न: आधी कशाला हात घालावा. आयातबंदीला नाही. बंदी घातली तर पहिल्या हंगामातच शर्यती आठ घोड्यांच्या खाली जातील आणि बंदीचं भलं दिसायच्या आत क्लब दिवाळखोर होतील. त्याऐवजी आयात खच्ची घोड्याला स्थानिक बोनस नको, आणि त्याचं सुरुवातीचं रेटिंग त्यानं तिकडे किती शर्यती मारल्या यावर नको, कुठल्या दर्जाच्या आणि केवढ्या बक्षिसाच्या मारल्या यावर असावं. आयात घोड्यांचं रेटिंग एका हंगामात इकडे, दुसऱ्यात तिकडे झुकतं, त्यामुळे स्थानिक मालक चिडतात, आणि त्यांचं चिडणं खरं आहे. घोड्या आल्या तर त्यांचं स्वागत करावं, आणि इथे पैदाशीत राहिल्या तर पहिल्या शिंगरावर सवलत द्यावी.

रेटिंगमध्ये मी एकच बदल सुचवेन, पण तो किमान पाच वर्षं हलवायचा नाही: जिंकल्यावर किती गुण चढणार हे बक्षिसाच्या रकमेला बांधा, आणि लहान बक्षिसाच्या पहिल्या दोन विजयांवर जवळजवळ काहीच चढवू नका. मालकाला जिंकणं परवडू द्या. माझ्या काही जुन्या सहकाऱ्यांना हे मान्य नाही; त्यांच्या मते त्यामुळे खालच्या शर्यती एकतर्फी होतील. थोड्या होतील. पण दोन विजयांनंतर विकला जाणारा घोडा अजून वर्षभर आमच्या कार्डावर राहिला, तर तो सौदा मला मान्य आहे. मुद्दाम नरम हाकण्याचा मोहही त्यानं कमी होतो.

आणि पैसा. विजयावरचा पैदास-बोनस बऱ्याच ठिकाणी आहे. तो पैदास करणाऱ्याला घोडा जिंकल्यावर मिळतो, म्हणजे बहुतेकांना कधीच मिळत नाही. तोच पैसा शिंगरू पहिल्यांदा शर्यतीत उतरलं त्या दिवशी द्या, मग ते शेवटचं का येईना. पैदास करणाऱ्याचं काम घोडा पळण्यायोग्य करून देणं एवढंच आहे. कुठला गेट मिळेल, कोण ड्रायव्हर बसेल, डेथ सीटमध्ये अडकेल की नाही, हे त्याच्या हातात नाही. रक्कम मोठी नको, पण पुढच्या सहा-सात वर्षांसाठी लेखी हवी, म्हणजे घोडी फळवताना तो तिच्यावर हिशेब मांडू शकेल. पैसे कुठून आणायचे असं विचाराल, तर आठवड्याच्या कार्डातल्या सहा घोड्यांच्या दोन शर्यती रद्द करा आणि उरलेल्या भरा. शर्यती कमी झाल्याचा आरडाओरडा होईल, काही ड्रायव्हरांची फी बुडेल, टीव्हीवरचा एखादा स्लॉट ग्रेहाउंडकडे जाईल. तरीही मी हेच करेन, आणि याच क्रमानं: आधी पैदास करणारा, मग रेटिंग, आयात सगळ्यात शेवटी.